खमैस गाडीला चांगलं म्हणाला

सकाळची कॉफी घशाखाली उतरायच्या आत गाडीला चार शिव्या घातल्या नाहीत, असा एक दिवस खमैसच्या आयुष्यात गेला नसेल. हनशीर तूत गावाच्या चौकात कॉफीचं एकच दुकान. त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवतानाच तो म्हणायचा, "मेली नाही अजून. आज नाही तर उद्या मरेल." पत्ते खेळणारे मान वर न करता विचारायचे, "अम्म खमैस, म्हातारी कशी आहे?" अम्म म्हणजे काका. साठी उलटली की गाव माणसाला काका म्हणायला लागतं, तुम्हाला आवडो न आवडो. आणि खमैस हात झटकून म्हणायचा, "कशी असणार? भंगार. हिच्यापेक्षा गाढव बरं. गाढव मेल्यावर निदान कातडं तरी देतं."

म्हातारी म्हणजे त्याची गाडी. मागे ताडपत्रीचा टप, पुढे दोघांची सीट, तिच्यावर बसायचे चौघं, आणि एकेकाळी निळा असावा असा रंग. डावं दार तारेनं बांधलेलं होतं. उजव्या बाजूचा आरसा शेदलियाच्या, म्हणजे खमैसच्या बायकोच्या, लग्नातल्या पेटीचा होता, त्यामुळे मागून येणारा ट्रक नक्षीदार चौकटीत दिसायचा. नाकाडावर ईदच्या मेंढ्याचं एक वळलेलं शिंग तारेनं आवळलेलं होतं, नजरेसाठी. ज्या वर्षी ऑलिव्हच्या भारानं फांद्या मोडल्या, त्या वर्षी खमैसच्या बापानं ती नवी कोरी आणली आणि दारात उभी करून पहिलं काम काय केलं, तर तिच्या बॉनेटवर मूठभर शेण फासलं. मुलाला म्हणाला, "ध्यानात ठेव. नजर माणसाला कबरीत घालते आणि उंटाला हंडीत."

खमैसनं ते ध्यानात ठेवलं, पण खरा विश्वास बसला तो पुढे. शेतकी खात्याचा एक तरुण साहेब झाडं मोजायला आला होता. भला माणूस. गाडीत बसला आणि म्हणाला, "तबारकल्ला, काय गाडी आहे. इतकी जुनी, पण घड्याळासारखी चालते." तबारकल्ला म्हणजे अल्लानं बरकत दिली, म्हणजे नजर लागू नये म्हणून म्हणायचा शब्द. खमैसचं म्हणणं, हा शब्द म्हणणारेच जास्त बघतात. ते असो. पुढच्या वळणावर गियरचा दांडा मुळासकट खमैसच्या हातात आला, आणि साहेबाला डोक्यावर कागद धरून सहा किलोमीटर उन्हातनं चालत जावं लागलं.

त्या दिवसापासून खमैसनं नियमच करून टाकला. लोक बाळाला काजळाची तीट लावतात, ह्यानं तीट जिभेवर ठेवली. जे आपलं, जे प्रिय, त्याची चारचौघांत निंदा करायची, आणि ती मनापासून करायची, म्हणजे बघणाऱ्याला हेवा वाटायला जागाच उरत नाही. गावात असं थोडंफार सगळेच करतात. पण खमैससारखं कोणी नाही. त्याची निंदा ऐकायला शेजारच्या गावचे लोक कॉफीला यायचे.

आणि म्हातारीचं काम म्हणाल, तर ते करायला दुसरी कुठली गाडी धजली नसती. थंडीत ऑलिव्हची पोती घाण्यावर, उन्हाळ्यात मिरच्या नि टोमॅटो बाजाराला, ईदच्या आधी मेंढ्या, दुष्काळात पाण्याची टाकी. गावातल्या प्रत्येक नवरीच्या गाद्या तिच्यावरून गेल्या. एका नवरीची भाड्याची मोटार चिखलात रुतली तेव्हा नवरीही त्याच गाद्यांवर बसून गेली. गावची फुटबॉलची टीम तिच्यात मावायची, गोलकीपर टपावर. मागणाऱ्याला खमैस कधी नाही म्हणाला नाही. अट एकच. "फार उपकार झाले" म्हणत किल्ली परत देणाऱ्याला पुन्हा गाडी मिळत नसे. "घे तुझं खोकं, कंबर मोडली माझी" म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशीही मिळायची.

सेल्फ जाऊन वीस वर्षं झाली होती. नवा बसवला नाही. का, तर लोक म्हणतील खमैसची गाडी एका किल्लीत चालू होते, आणि मग झालंच. त्यामुळे गाडी कायम उतारावर उभी. चाकाखाली एक चपटा दगड, तो खमैस सीटवर शेजारी घेऊन हिंडायचा. दगड काढायचा, गाडी घरंगळली की दुसऱ्या गियरमध्ये टाकून क्लच सोडायचा, म्हातारी खोकून खोकून चालू. कोणाकडे जेवायला बोलावलं तर तो आधी विचारी, "घर उतारावर आहे का?" सपाटीवरच्या नातेवाइकांशी त्याचे संबंध वीस वर्षांत बरेच पातळ झाले होते.

शेदलियाला ही भाषा समजायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर खमैस म्हणाला, "हिचा हा रव्याचा कुसकुस भिंतीला गिलावा म्हणून चालेल." ती आत जाऊन रडली. मग तिनं पाहिलं की गिलाव्याचं ताट तीनदा भरून गेलंय, आणि चौथ्यांदा तो बोटानं कडा पुसतोय. त्यानंतर तीही तयार झाली. "ए माणसा," ती म्हणायची, नवऱ्याला ती याच नावानं हाक मारी, "तुझ्यासारखा आळशी बघितला नाही," आणि पहाटे चारला उठून झाडं छाटून आलेल्या नवऱ्यापुढे गरम रोटी नि तेल ठेवायची. दोघांचं उत्तम चाललं होतं.

अडचण झाली ती मुलाची. आठ वर्षं वाट पाहून एकुलता एक झाला, नौफल. आता विचार करा. गाडीला एवढ्या शिव्या, तर नवसाच्या पोराला किती. "हे तुझं का रे?" कोणी विचारलं तर, "काय माहीत, बाजारातून येताना पोत्यात सापडलं." शाळेत पहिला आला तर, "मास्तर झोपला असेल." अकरा वर्षांचा झाला तेव्हा त्याला शिकायला राजधानीत, मामाकडे, ठेवलं. मामाच्या दारात खमैस म्हणाला, "घ्या हे. डोक्यात भुसा आहे, निघाला तर बघा." आणि मागे न बघता निघून आला. पोरगं पिशवी धरून तिथंच उभं होतं.

बाकी सगळ्यांना या निंदेचा अर्थ लागायचा. पण ज्याची निंदा होते त्याला, आणि तेही अकराव्या वर्षी, तो कोण समजावणार? सुट्टीत नौफल चार दिवस यायचा आणि बाप बाहेर गेला की घरात बोलायचा. पुढे तो फ्रान्सला गेला, लियोंला, मोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचं काम. फोन आईला करायचा. खमैस तिच्या हातातून फोन ओढून विचारायचा, "अजून काढलं नाही का कामावरून?" पलीकडून उत्तर यायचं, "नाही बाबा." मग फोन परत आईकडे.

त्या वर्षी नोव्हेंबरात, ऑलिव्हच्या तोडणीला, नौफल महिनाभराची रजा काढून आला. चौतिशीचा झाला होता. आल्या दिवसापासून बघत होता. बाप रोज चौकात गाडीच्या नावानं बोटं मोडतो, घाण्यावर मोडतो, बाजारात मोडतो. नौफलला वाईट वाटलं. म्हाताऱ्याचा जन्म या खटाऱ्याला ढकलण्यात गेला. आपण चांगले कमावतो, आणि बापासाठी आजवर काही केलं नाही. शिवाय मनात कुठंतरी असंही असणार की एकदा, निदान एकदा, बाप म्हणेल, शाब्बास. मनातलं त्यानं आईलाही सांगितलं नाही, आणि तिथंच चुकलं.

शुक्रवारी खमैस सकाळी हमामला गेला, तिथून परस्पर जुम्म्याच्या नमाजाला. शेदलिया रानात होती. ऑलिव्ह काही शुक्रवार बघत नाहीत. दुपारी दोनला खमैस लालबुंद होऊन, स्वच्छ, अत्तर लावून घरी आला. उतारावर चपटा दगड होता. गाडी नव्हती. अंगणात एक पांढरी शुभ्र नवी गाडी उभी होती, मागे उघडा हौदा, बॉनेटला लाल रिबन, आणि शेजारी नौफल, हातात किल्ली.

"बाबा, सुटलात एकदाचे," नौफल म्हणाला. "ही तुमची. एका किल्लीत चालू होते. ते जुनं खोकं भंगारवाल्या हाज बरनीला विकलं. त्याची माणसं आली होती सकाळी, बांधून ओढत घेऊन गेली. उद्या दुपारी बंदरावरून गाड्या दाबून चपट्या करणाऱ्या यंत्रवाल्यांचा ट्रक येणार आहे."

खमैसनं दगड उचलला. दोन्ही हातांत धरून तो पायरीवर बसला. काय बोलणार? माझी गाडी मला हवी आहे म्हणावं, तर ते म्हणजे तिच्यावर जीव आहे हे तोंडानं कबूल करणं. कुंपणापलीकडे शेजारचे पाच-सहा लोक नवी गाडी बघायला जमलेलेच होते. चाळीसेक वर्षांत त्याच्या तोंडून भलतं अक्षर बाहेर पडलं नव्हतं. मुलाकडे न बघता तो म्हणाला, "चांगलं केलंस."

नौफलचा चेहरा उजळला. बिचारा. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळ व्हायच्या आधीच शेदलिया रानातून आली. फांद्या विंचरायला बायका बोटांत बकरीची पोकळ शिंगं घालतात, ती अजून तिच्या तीन बोटांत होती. तिनं नवी गाडी पाहिली, रिकामा उतार पाहिला. नवरा पायरीवर दगड मांडीत घेऊन बसलेला होता.

"काय म्हणाला हा?" तिनं मुलाला विचारलं.

"म्हणाले, चांगलं केलंस."

शेदलियानं कपाळावर हात मारला. शिंगं घातलेलाच, त्यामुळे लागलंही. "चांगलं म्हणाला? याच्या तोंडून? अरे गाढवा, एखाद्या माणसाच्या तोंडाला फेस यावा तसं आहे ते. कधी गेली गाडी?"

"सकाळी, बरनीकडे. पण उम्मी, बाबा रोज म्हणतात ना, भंगार आहे, मरत नाही..."

"मलाही रोज म्हणतो. मला कोणाला विकलंस?" तिनं शिंगाचं बोट त्याच्या छातीवर टोचलं. "बेचाळीस वर्षं माझा कुसकुस गिलावा आहे. कधी एक दाणा उरलेला बघितलास ताटात? जिच्यावर जीव आहे तिला हा माणूस चांगलं म्हणतो कधी?"

नौफल म्हणाला, "मला कोणी सांगितलं नव्हतं." शेदलियानं त्याच्या छातीवरचं बोट काढून घेतलं.

मग ती नवऱ्याकडे वळली. "ऊठ रे माणसा. दगड घे. बरनीकडे जाऊ."

तिघं नव्या गाडीतून निघाले. खमैस मागच्या उघड्या हौद्यात बसला, दगड घेऊन. पुढे बसायला त्यानं साफ नकार दिला. एवढ्या पांढऱ्या गाडीत पुढे बसलेला माणूस दहा कोसांवरून दिसतो, म्हणाला.

हाज बरनीचा भंगारवाडा बाजारगावाच्या कडेला, तव्यासारख्या सपाट जमिनीवर. म्हातारी मध्यभागी उभी होती, एकीकडे बंबांचा ढीग, दुसरीकडे फ्रिजचा. टप काढून ठेवला होता. बिनटोपीच्या म्हाताऱ्या बाईसारखी दिसत होती. खमैसनं एकदा पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

हाज बरनी जाडजूड, दोनदा हजला जाऊन आलेला, आणि सौद्यात पक्का. त्यानं चहा मागवला. वाड्यात आणखी सहा-सात जण होते, तेही चहाला सरकले. "खमैस, तुझं दुःख संपवलं बघ," तो म्हणाला.

"पोराकडून चूक झाली," खमैस म्हणाला. "तुझे दिनार परत घे. मी... ते भंगार घेऊन जातो."

"भंगार परत कशाला न्यायचं?"

"कोंबड्यांसाठी. आत कोंबड्या ठेवीन."

"कोंबड्यांसाठी तुला फ्रिज देतो. तो बघ, दाराचा." बरनीनं चहाचा घोट घेतला. "खरं सांगू? मला तिचं इंजिन हवंय. मी कान लावून ऐकलंय ते, बाजारात तू तिला शिव्या देत असायचास तेव्हा."

"तुझ्या कानात मळ आहे. खडखडतं ते."

"मग तर भंगारच. तूच सांगितलंस. काल गुरुवारीही, मिरच्यांच्या ओळीत, बापाची शपथ घेऊन."

"बाप मेलाय. त्याला आता काय होणार आहे?"

लोक हसले. बरनी नाही हसला. त्यानं पेला खाली ठेवला. "हे बघ, खमैस. बाजाराचा नियम तुलाही ठाऊक आहे, मलाही. मेंढी म्हणून घेतली आणि बकरी निघाली तर सौदा मोडतो. मी भंगार म्हणून घेतलं. भंगार असेल तर माझं. भंगार नसेल, तर सौदा नाही, आत्ता घेऊन जा. पण मग ते भंगार नाही, काय आहे, हे तू सांग. तुझ्या तोंडानं. या सगळ्यांसमोर."

खमैसला घाम फुटला. थंडीचे दिवस, पण कानशिलं ओली झाली. त्यानं जमलेल्यांवरून नजर फिरवली. चाळणीवाला होता त्यांच्यात. या चाळणीवाल्यानं एकदा नुसतं "छान दूध देते" म्हटलं, तर बाजारातली सगळ्यात चांगली गाय बसली ती उठलीच नाही. असं सगळे म्हणतात. निदान गायीचा मालक तरी म्हणतो.

खमैस बरनीच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटला.

"मला नको. साक्षीदारांना ऐकू दे."

"मग ह्याला भिंतीकडे तोंड करायला सांग."

"मी काय केलं?" चाळणीवाला म्हणाला. पण बरनीनं खूण केली आणि तो कुरकुरत फ्रिजकडे तोंड करून उभा राहिला. हसणारे आता हसेनासे झाले. खमैसनं डावा हात पाठीमागे नेला आणि पाचही बोटं ताणून उघडली, नजरेच्या डोळ्यात घालायला. शेदलियानं तिची शिंगांची बोटं शालीखाली उघडली.

"ती," खमैस म्हणाला, "वाईट नाही."

"वाईट नाही असं माझ्या सासूलाही म्हणतात."

"बरी आहे."

बरनीनं हात कानामागे धरला.

"चांगली आहे," खमैस म्हणाला. शब्द बाहेर पडला आणि तो दचकला, आकाशातून काही पडतंय का म्हणून. काही पडलं नाही. मग मात्र बांध फुटला. "चांगली आहे. ऐकलंत? तिच्यासारखी गाडी या मुलखात नाही. बापानं आणली तेव्हापासून तिनं मला उपाशी ठेवलेलं नाही. पुरात पूल गेला तेव्हा ओढ्यातनं तीन बाळंतिणी हिनं पलीकडे नेल्या. डॉक्टरची जीप काठावर बसून बघत होती. हिला मी शिव्या दिल्या, पण त्या झाडं मोजणाऱ्या साहेबानंतर हिनं मला कधी भर रस्त्यात सोडलं नाही. म्हणजे एकदा सोडलं."

तो थांबला. मग त्यानं नौफलकडे बोट केलं.

"ह्याला मामाकडे सोडायला गेलो तेव्हा. सहा तासांचा रस्ता. मी सगळ्या वाटेनं मनात म्हणत होतो, अगं बंद पड. मर की मेले, आजच्या दिवस मर, म्हणजे परत फिरता येईल. नाही पडली. चढावर गरमसुद्धा झाली नाही. तिला काम सांगितलं होतं, ते तिनं केलं. येताना मात्र गावच्या वेशीवर उभी राहिली ती राहिलीच. तीन दिवस. मेकॅनिक आला, म्हणाला काहीच बिघाड नाही. बिघाड कसा असेल? मीच आत बसलो होतो. घरी कुठल्या तोंडानं जायचं? ही," त्यानं शेदलियाकडे मान वळवली, "भाकरी आणून द्यायची. जाणारा येणारा विचारायचा, काय झालं, डोळे का सुजलेत. मी म्हणायचो कार्बोरेटर. तीन दिवस सांगत होतो, कार्बोरेटर, कार्बोरेटर."

त्यानं शेशिया टोपी काढून तोंड पुसलं. हाज बरनी उठला आणि तारेनं बांधलेलं डावं दार त्यानं स्वतः उघडून धरलं. "घेऊन जा," तो म्हणाला. "तू सांगतोस तशी असेल तर मला परवडायची नाही."

आता सपाट जमीन. नव्या गाडीनं ओढू, असं कोणीतरी म्हणालं. खमैसनं असं पाहिलं की तो विषय तिथंच संपला. मग सगळे मागे लागले. बरनी, त्याचे नोकर, चाळणीवालासुद्धा, त्याला फक्त डोळे मिटून ढकलायला सांगितलं. नौफल मधोमध होता, पायातले फ्रान्सचे बूट चिखलात, दोन्ही हात मागच्या फळीवर. तो सगळ्यांत जोरानं ढकलत होता. वाड्याला एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीला खमैसनं क्लच सोडला, म्हातारी खोकली, काळा धूर नौफलच्या तोंडावर सोडला आणि चालू झाली.

येताना नौफल बापाशेजारी बसला. पांढरी गाडी बरनीच्या नोकरानं मागून आणली, शेदलिया तिच्यात. बापलेकांच्या मध्ये दगड होता. गाव दोन किलोमीटर राहिलं आणि पुढे खाडकन आवाज झाला. खमैसनं डोळेच मिटले. उतरून बघितलं तर नाकाडावरचं मेंढ्याचं शिंग फुटून दोन तुकडे झालेलं. बाकी गाडी ठीक.

"तार गंजली होती बाबा," नौफल म्हणाला.

"चाळणीवाल्यानं फटीतनं बघितलं," खमैस म्हणाला. पण त्याचा जीव भांड्यात पडला होता. शिंग फुटलं म्हणजे शिंगानं आपलं काम केलं. एवढ्या मोठ्या कौतुकाचा कर एका शिंगावर भागला. पोराच्या डोक्यावर टपली मारून तो म्हणाला, "बस आत, भुशाच्या पोत्या." नौफल बसला, आणि पहिल्यांदाच त्याला ते कुठं लागलं नाही.

पांढऱ्या गाडीचं काय झालं, तर तिचं सगळ्या गावानं येऊन कौतुक केलं. आठवड्यात दोन पंक्चर, एक ओरखडा, आणि इमामाच्या बकरीनं आरसा फोडला. खमैस म्हणाला, बघा. आता तिच्या बॉनेटवर शेदलिया मिरच्या वाळवते. ऊन चांगलं लागतं तिथं.

पुढच्या बुधवारी बापलेक पोती घेऊन घाण्यावर गेले. घाण्याला चढ आहे, गाडी उतारावर, दगड चाकाखाली. आत गरम, सगळीकडे नव्या तेलाचा वास, नंबर यायची वाट बघत बसलेली माणसं रोटीचे तुकडे ताज्या तेलात बुडवून खात होती. घाण्याचा मालक सी लमीन आजारपणानं महिनाभर घरी होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं नौफलकडे बोट केलं. "हा तुझा फ्रान्सवाला ना? काय करतो?"

"हा?" खमैस म्हणाला. "काही कामाचा नाही. तिकडे लोकांना खालीवर करतो. इकडे आला तर साधं भंगार विकायला गेला, तेही जमलं नाही. आमच्या नशिबी आलाय, सांभाळतो झालं."

असं काही ऐकलं की नौफल उठून बाहेर जायचा, लहानपणापासून. आज तो पोत्यावरच बसून राहिला. रोटीचा तुकडा त्यानं तेलात बुडवला, नीट खाल्ला, बोटं चाटली.

"सी लमीन," तो म्हणाला, "मी तरी काय करू? बापच मिळाला असा. निकामी, गंजलेला, ढकलल्याशिवाय चालत नाही. गाडीबरोबर यालाही भंगारात घालणार होतो. बरनी म्हणाला, हा नको."

बापाला असं, चारचौघांत. सी लमीननं तोंडातला घास चावायचा थांबवला. एक म्हातारा "तौबा" म्हणून पुटपुटला.

खमैस हातातली रोटी ठेवून उठला. कोणाकडे न बघता बाहेर गेला, म्हातारीचं बॉनेट उघडलं आणि त्यात डोकं घालून उभा राहिला. पुष्कळ वेळ राहिला. त्याचा नंबर आला, पुकारा झाला, तरी हलेना. शेवटी सी लमीन दारापर्यंत आला.

"अम्म खमैस, काय झालं?"

"कार्बोरेटर," खमैस आतूनच म्हणाला.